गुडघ्याची झीज आणि हाताने करायचे उपचार: मेटलँड, कॅल्टनबॉर्न, मलिगन की नुसतं मालिश?

फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरापोरींमध्ये एक वाद कायम चालू असतो, मेटलँड भारी का मलिगन भारी (हाताने सांधा हलवायच्या दोन पद्धती, त्या काढणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जातात), आणि तो इतक्या हिरीरीने चालतो की ऐकणाऱ्याला वाटावं यातला एकच खरा आणि बाकी सगळे थापा मारतायत. आता पेशंटही तेच विचारतात. कुठेतरी व्हिडिओ बघितलेला असतो, त्यात कोणीतरी पट्टा लावून गुडघा ओढतंय आणि पुढच्या मिनिटाला माणूस ताड ताड जिना चढतोय, मग "मॅडम, ते पट्ट्याचं करा ना माझ्यावर". मी दिवसभर गुडघेच बघते, त्यातले बहुतेक झिजेचे म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, आणि माझं मत आधीच सांगून टाकते: टेक्निकच्या नावाने जेवढा फरक पडतो असं आम्ही फिजिओ लोक समजतो तेवढा पडत नाही. गुडघा दुखतोय म्हणून अडतोय की आखडलाय म्हणून अडतोय हे ओळखण्याने जास्त पडतो, आणि हात काढल्यावर पुढच्या दहा मिनिटांत पेशंट त्या गुडघ्याचं काय करतो याने तर सगळ्यात जास्त. पण म्हणून सगळी टेक्निक्स एकाच माळेचे मणी असंही नाही, प्रत्येकाची एक जागा आहे, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

आधी थोडं गुडघ्याबद्दल, कारण "गॅप कमी झालाय" आणि "वंगण संपलंय" या दोन वाक्यांनी लोकांना जेवढं घाबरवलंय तेवढं त्या झिजेने पण घाबरवलं नसेल. एक्स-रेवर झिजेच्या ग्रेड देतात ना, शून्य ते चार, ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत १९५७ पासून चालत आलीय. त्या ग्रेडचा आणि दुखण्याचा संबंध आहे पण अगदीच सैल, ग्रेड तीनवाला आरामात फिरत असतो आणि ग्रेड दोनवाला जिन्यापाशी रडकुंडीला येतो. कारण कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जे झिजतं, तिला मुळात दुखण्याच्या नसाच नाहीत. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, सांध्याभोवतीची पिशवी म्हणजे कॅप्सूल, आजूबाजूचे लिगामेंट आणि धरून धरून थकलेले स्नायू. आणि हाताने जे काही करता येतं ते या बाकीच्या मंडळींवर. हाताने कूर्चा परत येत नाही, वाकडा झालेला पाय सरळ होत नाही, गॅप वाढत नाही. कोणी तसं सांगत असेल तर दुसरा फिजिओ शोधा, एवढंच म्हणेन.

आता मेटलँड. जेफ्री मेटलँड हे ऑस्ट्रेलियातले फिजिओ, त्यांची पद्धत म्हणजे सांध्याला लयीत मागे-पुढे झोके देणं, आणि त्या झोक्याला ग्रेड असतात. एक आणि दोन नंबरचे झोके सांधा अडायच्या आधीच थांबतात, एक अगदी बारीक, दोन मोठा. तीन आणि चार अडतं तिथपर्यंत जातात, तीन मोठा झोका आणि चार म्हणजे शेवटाला बारीक बारीक ढकलणं. पाच नंबर म्हणजे एकदम झटका, तो झिजलेल्या गुडघ्यावर मी करत नाही आणि का करावा तेही मला कळत नाही. गुडघ्यासाठी नेहमीचा प्रकार म्हणजे पेशंट उताणा, गुडघा थोडा वाकवून खाली टॉवेलची गुंडाळी, आणि नडगीचं हाड मांडीच्या हाडाखाली मागे ढकलत राहायचं, सेकंदाला एक-दोन झोके. बघणाऱ्याला वाटतं हे काय नुसतं हलवतायत. पण मेटलँडचं खरं योगदान मला ते झोके वाटतच नाहीत, ते वाटतं तपासायची शिस्त. आधी पेशंटची एक दुखरी हालचाल पकडायची, समजा खुर्चीतून उठणं, मग उपचार, मग लगेच तीच हालचाल परत, फरक पडला तर पुढे, नाही पडला तर दुसरं काही. ही सवय ज्याला लागली तो कुठलंही टेक्निक वापरो, फारसा चुकत नाही.

याच झोक्यांवर एक अभ्यास आहे जो मला फार आवडतो, २००७ चा, मॉस, स्लुका आणि राइट यांचा. झिजेचे गुडघे असलेले ३८ लोक, प्रत्येकावर तीन प्रकार वेगवेगळ्या वेळी: एकदा नऊ मिनिटं खरं मोबिलायझेशन, म्हणजे हेच झोके, एकदा नुसता गुडघ्यावर हात ठेवणं, आणि एकदा काहीच नाही. मग गुडघ्यावर किती दाब दिला की दुखायला लागतं ते यंत्राने मोजलं. खऱ्या उपचारानंतर ती सहनशक्ती साधारण २७ टक्क्यांनी वाढली, नुसता हात ठेवल्यावर वाढ बरीच कमी, काहीच न केल्यावर तर वाढ नाहीच, आणि गंमत म्हणजे फरक टाचेवर मोजला तिथेही दिसला, जिथे कोणी हातच लावला नव्हता. म्हणजे नुसतं "सांधा मोकळा झाला" एवढीच ही गोष्ट नाहीये. त्याआधी २००१ मध्ये स्लुका आणि राइट यांनीच उंदरांच्या घोट्यात तिखटातलं कॅप्सायसिन टोचून जळजळ केली आणि गुडघा हलवला, तरी पंजाचा दुखरेपणा कमी झाला. नंतरच्या प्रयोगात असं दिसलं की हे मज्जारज्जूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिनच्या मार्गाने होतं, म्हणजे मेंदूकडून खाली येणारी जी वेदना दाबणारी यंत्रणा आहे ती जागी होते. आम्हाला शिकवताना जे "हाड जागेवर बसवतो" छापाचं बोलणं असायचं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त पटण्यासारखं आहे, आणि पेशंटला सांगायलाही चांगलं, कारण "जागेवर बसवलं" म्हटलं की माणूस उद्या परत हललं की काय म्हणून घाबरतो.

कॅल्टनबॉर्न नॉर्वेचे. त्यांचं काम झोक्यांचं नाही, धरून ठेवण्याचं. सांधा किंचित ओढून सैल करायचा आणि मग एका दिशेला सरकवून तसाच धरायचा, त्याच्या तीन पायऱ्या: सैल करणं, सगळी ढील काढून घेणं, आणि मग ताणणं. कुठल्या दिशेला सरकवायचं ते सांगायला त्यांचा तो प्रसिद्ध खोलगट-फुगीर नियम, नडगीचा वरचा भाग खोलगट, मांडीच्या हाडाचं टोक फुगीर, त्यामुळे नडगी हलते तेव्हा ती वाकताना मागे घसरते आणि सरळ होताना पुढे. मग वाकणं अडलंय तर मागे सरकवा, सरळ होणं अडलंय तर पुढे. उभं राहिल्यावर मात्र नडगी स्थिर आणि मांडीचं हाड तिच्यावर हलतं, तेव्हा हिशोब उलटा, आणि परीक्षेत निम्मी मुलं इथेच आपटतात. मी हा नियम सुरुवात करायला वापरते, वेदवाक्य म्हणून नाही, एका दिशेने फरक पडला नाही तर दुसरी करून बघते, गुडघ्याने पुस्तक वाचलेलं नसतं.

धरून ठेवणं कुठे कामाला येतं, तर ज्याचा गुडघा पूर्ण सरळच होत नाही त्याच्यात. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. सगळे विचारतात किती वाकतो, कोणी विचारत नाही सरळ होतो का. आणि पाच-दहा डिग्री जरी सरळ व्हायचा राहिला तरी उभं राहिल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत राबावं लागतं, कारण पूर्ण सरळ गुडघा जसा जवळजवळ आपोआप टेकून उभा राहतो तसा हा राहतच नाही, मग संध्याकाळपर्यंत मांडी भरून येते, पाय थकतो, आणि तो पाय आखूड पडल्यासारखा झाल्यामुळे कंबरही बोलायला लागते. यात भर म्हणून रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं, कारण तसं बरं वाटतं. बरं वाटतं हे खरंय, पण रोज सात-आठ तास वाकलेला गुडघा आणि दिवसातून पाच मिनिटं माझा ताण, यात कोण जिंकणार ते उघड आहे. म्हणून अशा पेशंटला मी पहिलं सांगते उशी काढा, मग नडगी पुढे सरकवून धरणं, मांडीच्या मागचा स्नायू सैल करणं, आणि लगेच टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम. हाताने मिळवलेले दोन-तीन डिग्री त्याच दिवशी वापरले नाहीत तर दुसऱ्या दिवशी गायब असतात.

आता पट्टेवाले, म्हणजे न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन. त्यांची कल्पना वेगळी आणि माझ्या मते या सगळ्यात हुशार. फिजिओने सांधा एका दिशेला सरकवून धरायचा आणि त्याच वेळी पेशंटने स्वतः ती दुखरी हालचाल करायची. अट एकच पण कडक: हालचाल दुखायची बंद झाली पाहिजे, तिथल्या तिथे. नुसती कमी नाही, बंद. नाही झाली तर दिशा किंचित बदला, जोर बदला, तरी नाही झाली तर हे टेक्निक या गुडघ्यासाठी नाही, सोडून द्या. आतल्या बाजूला दुखत असेल तर सहसा नडगी आतल्या बाजूला सरकवून सुरुवात करतात, बाहेर दुखत असेल तर बाहेर, आणि वाकताना दुखत असेल तर नडगी आतल्या बाजूला फिरवून धरणं बऱ्याचदा चालून जातं. झोपवूनच करायला पाहिजे असं नाही, उभं राहून, पायरीवर पाय ठेवून, खुर्चीतून उठता उठता, सगळीकडे करता येतं, पट्टा फक्त एवढ्यासाठी की माझे हात थकू नयेत आणि जोर सारखा राहावा. सहा ते दहा वेळा, असे दोन-तीन सेट.

मला हे आवडतं ते त्या जादूच्या व्हिडिओसाठी नाही. ज्याला चार वर्षं सांगितलं गेलंय की जिना चढू नकोस, खाली बसू नकोस, वाकवू नकोस, त्याला स्वतःच्या पायाने, उभं राहून, न दुखता गुडघा वाकलेला दिसतो, आणि भीती तिथेच अर्धी कमी होते. बाकीच्या टेक्निकमध्ये पेशंट पडून असतो आणि मी काहीतरी करते, इथे तोच करतो. नावं ठेवायला जागा आहे, सांधा किंचित जागेवरून सरकलेला असतो आणि आपण तो परत बसवतो असं जे मलिगनचं मूळ स्पष्टीकरण होतं त्याला गुडघ्यात तरी भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि जोराने धरलं की नडगीच्या कडेची कातडी दुखते, पातळ कातडीच्या वयस्कर लोकांना तर स्पंजचा तुकडा ठेवल्याशिवाय पट्टा लावूच नये. पण कारण चुकीचं आणि परिणाम बरा, असं वैद्यकात काही पहिल्यांदा होत नाहीये.

वाटीबद्दल वेगळं लिहायला हवं कारण तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ज्याला सपाटीवर चालताना काही नाही पण जिना उतरताना, खुर्चीतून उठताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, त्याची झीज बहुतेकदा वाटीमागे असते, आणि तिथे नडगीला कितीही झोके द्या, उपयोग कमीच. अशा वेळी वाटीच हलवायची. गुडघा वाकताना वाटी खाली सरकते आणि सरळ होताना वर, ती चिकटल्यासारखी झालेली असली की वाकणंच अडतं, जाम झालेला खण कितीही ओढला तरी येत नाही पण जरा आजूबाजूने हलवला की सरकतो तसं काहीसं. बाहेरची बाजू बऱ्याचदा आवळलेली असते, म्हणून वाटी आतल्या बाजूला सरकवणं आणि तिची बाहेरची कड थोडी उचलणं हे जास्त लागतं. एकच काळजी, वाटी हाडावर दाबायची नाही. बोटं कडेला, जोर आडवा. दाबून सरकवलं की आतली खरखरीत जागा घासते आणि पेशंट ओरडतो, आणि मग तो परत येत नाही.

मालिश. याला आमच्यातले काही लोक नाक मुरडतात, पण पुरावा बघितला तर मालिश काही अगदीच गरीब नाही. पर्लमन आणि त्यांच्या टीमने २०१२ मध्ये १२५ लोकांवर वेगवेगळे डोस करून बघितले, अर्धा तास, एक तास, आठवड्यातून एकदा, दोनदा, आठ आठवडे, आणि एक तास आठवड्यातून एकदा हे पुरेसं ठरलं, दुप्पट करून फार काही वाढलं नाही. मग २०१९ मध्ये २२२ लोकांवर मोठा अभ्यास, त्यात हलका स्पर्श आणि नेहमीचे उपचार यांच्याशी तुलना, आठ आठवड्यांनी मालिशवाले पुढे, पण वर्षभराने बघितलं तर सगळे सारखेच. म्हणजे सुरुवातीला बरं वाटतं, पण वर्षभराने इतरांपेक्षा वेगळा फायदा उरत नाही. माझा हिशोब असा की मालिश स्वतः उपचार नाही, पण ज्याचा गुडघा इतका चिडलेला आहे की हात लावू देत नाही त्याच्यात मांडी आणि पोटरी सैल करून मग पुढचं काम करता येतं. एक तास मालिश देण्याइतका वेळ मात्र फार थोड्या क्लिनिकमध्ये मिळतो हेही खरं.

मसल एनर्जी टेक्निक आणि तिची भावंडं, म्हणजे पेशंटने माझ्या हाताविरुद्ध हलकं ढकलायचं, पाच-सात सेकंद, मग सोडायचं आणि स्नायू थोडा आणखी लांब करायचा. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी छान, दुखत नाही, घरच्यांना शिकवता येतं. मायोफेशियल रिलीज (स्नायूंवरचं आवरण दाबून-ताणून सैल करणं) आणि ते स्टीलच्या हत्यारांनी घासणं याबद्दल मी फार लिहिणार नाही, गुडघ्याच्या झिजेसाठी ते मालिशपेक्षा वेगळं काही करतं असं मला दिसलेलं नाही, कातडी लाल होते एवढं नक्की.

तर मग एकमेकांशी तुलना केली तर कोण जिंकतं? मेटलँड विरुद्ध मलिगन असे बरेच छोटे छोटे अभ्यास आहेत, तीस-चाळीस लोक, दोन-चार आठवडे, आणि निकाल कधी इकडे कधी तिकडे. मोठे अभ्यास आहेत ते एकेका टेक्निकचे नाहीत, हाताचे उपचार अधिक व्यायाम या पॅकेजचे आहेत, आणि ते वाचल्यावर डोकं जरा जमिनीवर येतं.

पहिला गाजलेला म्हणजे डेलचा २००० सालचा, अमेरिकेत, ८३ लोक, एका गटाला हाताचे उपचार आणि व्यायाम आठवड्यातून दोनदा चार आठवडे, दुसऱ्याला नावापुरतं अल्ट्रासाउंड. वर्षभरात अल्ट्रासाउंडवाल्यांपैकी २० टक्के लोकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उपचारवाल्यांपैकी ५ टक्क्यांचं. आणि तिथे नुसता गुडघा नव्हता केला, गरज असेल तिथे कंबर, खुबा, घोटा पण हलवला होता, जे आपण रोजच्या घाईत विसरतो. २००५ मध्ये त्याच लोकांनी १३४ जणांवर पुढचं केलं, क्लिनिकमध्ये हाताचे उपचार अधिक व्यायाम विरुद्ध घरी नुसता व्यायाम. चार आठवड्यांनी क्लिनिकवाल्यांच्या त्रासात साधारण निम्म्याने घट, घरी व्यायाम करणाऱ्यांच्या पाव हिश्श्याने. वर्षभराने? जवळजवळ सारखे, फक्त घरी व्यायाम करणारे गोळ्या जास्त घेत होते. मग २०२० मध्ये १५६ लोक, फिजिओथेरपी विरुद्ध स्टेरॉइडचं इंजेक्शन, त्रासाचा वोमॅक स्कोअर २४० पैकी, दोन्हीकडे सुरुवातीला १०८ च्या आसपास, वर्षाने इंजेक्शनवाले ५५.८ वर आणि फिजिओवाले ३७ वर. म्हणजे दोघंही सुधारले, फिजिओवाले जास्त.

आणि हे सगळं वाचून छाती फुगली की अॅबटचा २०१३ चा न्यूझीलंडचा अभ्यास वाचावा, खुबा आणि गुडघ्याच्या झिजेचे २०६ लोक, चार गट: नुसते हाताचे उपचार, नुसता व्यायाम, दोन्ही, आणि नेहमीचं जे चालू आहे ते. वर्षभराने नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या उपचारांनी त्याच वोमॅक स्कोअरवर २८.५ गुणांचा फायदा, व्यायामाने १६.४, आणि दोन्ही एकत्र करून १४.५. होय, एकत्र केलं तर सगळ्यात कमी! एक शक्यता अशी की त्याच वेळेत दोन्ही कोंबल्यामुळे दोन्हीही धड झालं नाही, आणि मला ते पटतं, कारण अर्ध्या तासाच्या सिटिंगमध्ये तपासणी, मोबिलायझेशन, व्यायाम, आणि वर पेशंटच्या शंका, यात काय होतं ते मला माहितीये. २०१६ चा फिट्झगेराल्डचा ३०० लोकांचा अभ्यास तर म्हणतो की व्यायामाला हाताच्या उपचारांची जोड दिली काय नाही दिली काय, वर्षभराने फरक नाही.

म्हणून मग गाइडलाइन्स पण एकमेकींशी भांडतात. २०१९ ची अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची, म्हणजे तिथल्या सांधेविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनेची, म्हणते व्यायामाच्या जोडीला हाताचे उपचार नकोत, अर्थात सशर्त नको. ब्रिटनची नाइस, म्हणजे उपचारांच्या गाइडलाइन्स काढणारी तिथली सरकारी संस्था, २०२२ मध्ये म्हणते खुबा-गुडघ्यासाठी विचार करा पण फक्त व्यायामासोबत, एकटे नको. अमेरिकेतल्याच हाडांच्या सर्जन लोकांची २०२१ ची म्हणते व्यायामासोबत वापरायला हरकत नाही, पुरावा मर्यादित. तिघांनी अभ्यास बहुतेक तेच वाचलेत. मी यातून एवढंच घेते की थोडक्या काळापुरता आराम मिळतो यावर फारसं दुमत नाही, वाद वर्षभरानंतरचा आहे, आणि व्यायामाबद्दल मात्र तिघंही एका सुरात बोलतात.

मग मी करते काय. गुडघा चिडका असेल, म्हणजे थोडं काही केलं की दोन दिवस ठणकतो, रात्री दुखतो, थोडी सूज आहे, तर मेटलँडचे एक-दोन नंबरचे झोके आणि मांडीचं हलकं मालिश, बास. सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू आपोआप बंद पडल्यासारखा होतो, मज्जासंस्थाच त्याला दाबून ठेवते, अशा वेळी जोरजोरात ताण देऊन उलट सूज वाढवून घ्यायची म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. गुडघा आखडलाय, दुखतो तो फक्त शेवटाला गेल्यावर, तर तीन-चार नंबर किंवा कॅल्टनबॉर्नचं धरून ठेवणं. एकाच ठरावीक हालचालीला दुखतं, जिना, उठणं, बसणं, तर पहिल्याच दिवशी मलिगन करून बघते, कारण चालणार की नाही ते दोन मिनिटांत कळतं. आणि हात काढल्यावर लगेच, टेबलावरून उतरवून, तीच हालचाल, मग खुर्चीतून उठ-बस, मग पायरी. वेदना दबलेली असते तो वेळ फार थोडा असतो, तो आडवं पडून घालवायचा नाही. तीन-चार सिटिंगमध्ये लगेचच्या तपासणीत काहीच बदल दिसत नसेल तर हाताचं काम बंद करून सगळा वेळ व्यायामाला देते. पेशंट कधी कधी नाराज होतात, "आज काही केलंच नाही तुम्ही", कारण हात लावणं म्हणजेच उपचार असं आम्हीच त्यांना शिकवलंय.

कोणाला करायचं नाही: गुडघा गरम, लाल, टम्म सुजलेला आणि सोबत ताप, तर आधी डॉक्टर, त्याच दिवशी. पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली तर मालिश अजिबात नाही, रक्ताची गुठळी असू शकते. गुडघा एकाएकी अडकला, ना सरळ ना वाकडा, तर ओढाताण करायची नाही. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल तर आधी एक्स-रे. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, हात हलका ठेवता येतो. आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थोडं दुखणं चालतं, पण चोवीस तासांनंतरही जास्तच दुखत असेल तर डोस जास्त झाला, फिजिओला स्पष्ट सांगा, सहन करून कोणी मेडल देत नाही.

घरी करता येण्यासारखं दोन गोष्टी सांगते, फिजिओने एकदा बघून दिलं असेल तर. एक, मलिगनचंच घरगुती रूप: न हलणाऱ्या खुर्चीवर किंवा पायरीवर पाय ठेवायचा, दोन्ही हातांनी गुडघ्याच्या खाली नडगी धरून आतल्या बाजूला फिरवायची आणि फिरवलेलीच ठेवून पुढे झुकत गुडघा वाकवायचा. फिरवल्यावर दुखणं थांबत नसेल तर करू नका, अट तीच. दुसरी, वाटी हलवणं: पाय पूर्ण सरळ सोडून बसायचं, पाठ टेकवून, मांडी एकदम ढिली, अंगठे एका कडेला बोटं दुसऱ्या कडेला आणि वाटी सावकाश आत-बाहेर, वर-खाली. वाटी हलतच नाही असं वाटलं तर नव्वद टक्के वेळा मांडी आवळलेली असते, पाऊल जरा बाहेरच्या बाजूला पडू द्या, मांडी हाताने हलवून सोडा, आणि मग परत बघा.